घोडबंदर रोड : कुत्री ठणठणीत आहे, तरी दरवर्षी दवाखान्यात न्यायलाच हवं का?

कासारवडवलीची_खारी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे खारी नावाची देशी कुत्री आहे, साडेचार वर्षांची. शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनकडून पिल्लू असताना आणली. लहानपणीचे सगळे डोस वेळेवर झाले, पुढेही दरवर्षी रेबीज आणि नाइन इन वन (एकाच इंजेक्शनात अनेक आजारांवरची लस) देत आलो. या वर्षी मार्चमधली तारीख होती, ती राहून गेली. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे ट्रॅफिक, शनिवारी दवाखान्यात ही गर्दी, कुत्रा बघितला की रिक्षावाले थांबत नाहीत आणि थांबलेच तर खारी आत बसल्यापासून थरथरत असते. त्यामुळे पुढच्या शनिवारी, पुढच्या शनिवारी करत मे संपत आला.

आता घरात दोन मतं पडली आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की परदेशात दरवर्षी लस देत नाहीत, तीन वर्षांनी देतात, आपल्याकडे उगाच बोलावतात. माझ्या मिस्टरांना ते पटलं. सासूबाईंचं म्हणणं, गावाला ओसरीवर कुत्री वाढली, त्यांना कोण कधी डॉक्टरकडे नेत होतं. मला मात्र चैन पडत नाही.

आम्ही अठराव्या मजल्यावर राहतो. खारी दिवसातून तीनदा खाली जाते, तेही सोसायटीच्या आवारात. रविवारी कधीमधी येऊरच्या जंगलात नेतो. बाकी तब्येत चांगली आहे. खाणं जरा कमी झालंय आणि पाणी खूप पिते, रात्री उठूनसुद्धा पिते, पण उकाडाच तसा आहे. ऑपरेशन केलेलं नाही, एकदा पिल्लं होऊ द्यावीत असं घरच्यांना वाटतं. एप्रिलच्या सुरुवातीला हीटवर (माजावर) येऊन गेली, तेव्हापासून थोडी शांत शांत असते, खेळायला पूर्वीसारखी येत नाही.

तर या वर्षी लस टाळली तर चालेल का? काही होत नसताना नुसतं तपासायला नेण्यात अर्थ आहे का? आणि घरी येऊन इंजेक्शन देणारे असतात, त्यांना बोलावलं तर कसं?

खारघरकर

तीन वर्षांचं खरं आहे, अफवा नाही. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की पार्व्हो, डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस या विषाणूंनी होणाऱ्या तीन आजारांवरचे पिल्लूपणीचे डोस नीट झाले आणि त्यानंतरचा बूस्टर झाला, की त्या लसी तीन वर्षांच्या आत परत देण्याची गरज नाही. आमच्या लॅब्रेडॉरच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. त्यांनीही मान्य केलं आणि आता आम्ही दरवर्षी फक्त रेबीज देतो.

तुमची खारी उंचावर राहते, मोकाट कुत्र्यांत मिसळत नाही. रेबीज तेवढी द्या, त्यासाठी घरी बोलावलं तरी काही बिघडत नाही. बाकीचं पुढच्या वर्षी बघा.

नेरुळची_काकू

ताई, लसीचं आपण नंतर बोलू. खारीला आजच दवाखान्यात घेऊन जा. शनिवारची वाट बघू नका आणि घरी इंजेक्शन देणाऱ्याला तर अजिबात बोलावू नका.

मी डॉक्टर नाही. नेरुळला प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं. जनावर धरणं, कार्ड लिहिणं, सलाईन लावलेल्या कुत्र्याजवळ बसणं, हे माझं काम. तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टी एकत्र वाचल्या आणि राहवेना. ऑपरेशन न झालेली मादी, हीट होऊन साधारण सहा-सात आठवडे, पाणी खूप, खाणं कमी आणि अंगात उत्साह नाही. असं कोणी काउंटरवर सांगितलं की आमचे डॉक्टर रांग बाजूला ठेवून त्या कुत्रीला आधी आत घ्यायचे. गर्भपिशवीत पू होण्याचा आजार आहे, पायोमेट्रा म्हणतात. हीटनंतर एक-दोन महिन्यांत होतो. पिशवीचं तोंड उघडं असलं तर खालून घाण वास येणारा स्राव जातो आणि घरच्यांच्या लक्षात येतं. तोंड बंद असलं तर बाहेर काहीच दिसत नाही, पू आत साठत राहतो, आणि तेच जास्त धोक्याचं. त्यातलं विष रक्तात जातं, किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून जनावर पाणी पीत सुटतं. लोकांना वाटतं, उन्हाळा आहे.

तसं नसेलही. लघवीचा संसर्ग असेल, दुसरं काही असेल. पण ते ठरवायला पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी लागते, पायोमेट्रा असेल तर त्यात बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. निघण्यापूर्वी फोन करून विचारा की सोनोग्राफी तिथेच होते का. नसेल तर जिथे होते तिथेच सरळ जा, फेरी वाचेल. हीटची तारीख, ती नेमकं किती पाणी पिते, उलटी झाली का, हे कागदावर लिहून न्या. शक्य असेल तर सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घ्या. आणि तिला काही खायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं बरं.

रिक्षा मिळत नसेल तर ओळखीच्यांची गाडी मागा. यात संकोच करू नका.

आता खारघरच्या दादांना. तुम्ही लिहिलंत ते त्या तीन आजारांपुरतं बरोबर आहे. पण तुमचं उत्तर वाचून ताई इंजेक्शनवाल्याला घरी बोलावून मोकळ्या झाल्या असत्या. सुई टोचली असती, खारीच्या पोटाला कोणी हात लावला नसता. आजारी जनावराला लस द्यायचीच नसते, हे ठरवायलासुद्धा आधी तपासावं लागतं. वर्षातून एकदा दवाखान्यात जायचं ते मुख्यतः त्या तपासणीसाठी. लस हे निमित्त.

कोपरखैरणेकर

काकूंना अनुमोदन. ताई, आधी जाऊन या.

लसीबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण "फक्त रेबीज द्या" हे वाचून मला आमचा ब्रुनो आठवला. आमची बैठी घरं, मागे गटार, गटारात घुशी. ब्रुनोला रेबीज दिलेली होती आणि फाइव्ह इन वनही. पण त्यात लेप्टो नसतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गल्लीत पाणी साचलं, तो त्यातून दोन-तीनदा चालला. काही दिवसांनी ताप, उलट्या, मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदीर-घुशींच्या लघवीतून तो जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. सलाईन, अँटिबायोटिक, रोज रक्त तपासणी. वाचला, पण किडनी कायमची अधू झाली, आता जेवण वेगळं शिजवावं लागतं.

आणि हे माणसांनाही होतं. ब्रुनोची लघवी पुसताना हातमोजे घाला, घरात कुणाला ताप आला तर लगेच सांगा, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती, रात्री त्याच्याजवळ झोपायची. ते दिवस कसे काढले, आमचं आम्हाला माहीत. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती माणसांतच. आपल्याकडे दर पावसात पाणी साचतं. अठराव्या मजल्यावर राहणारा कुत्राही खाली उतरून त्याच पाण्यात पाय घालतो.

कासारवडवलीची_खारी

काकू, तुमचा मेसेज वाचून मिस्टर ऑफिसमधून तसेच परत आले. सोनोग्राफी झाली. पायोमेट्राच आहे, तोंड बंद होतं. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या आहेत, क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) थोडं वर आहे. डॉक्टरांनी सलाईन लावून रात्रीच ऑपरेशन केलं, गर्भपिशवी आणि बीजकोश दोन्ही काढले. आत्ता शुद्धीवर आली आहे, मान उचलून बघते. आज रात्र तिथेच ठेवणार. सासूबाई देवासमोर बसल्या आहेत.

काय लिहू कळत नाही. लसीचं नीट समजावून सांगाल का? आता पुढे काय करायचं?

नेरुळची_काकू

किती बरं वाटलं वाचून. टाके निघेपर्यंत जपायचं. टाके चाटू देऊ नका, गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर घालायलाच लावा, कितीही केविलवाणी दिसली तरी. किडनीची रक्त तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा परत करा, ती चुकवू नका. बहुतेक वेळा पू गेला की क्रिएटिनिन उतरतं.

आता सविस्तर.

लस लगेच नको. टाके निघाले, खाणं-वजन पूर्ववत झालं आणि डॉक्टरांनी तपासून "आता चालेल" म्हटलं की मगच.

पहिली रेबीज. तिच्यात सवलत नाही. तीन वर्षांचं लेबल असलेल्या लसीही असतात, पण आपल्याकडे रेबीज रस्त्यावर आहे, पालिकेच्या परवान्यासाठी चालू दाखला लागतो, आणि एकदा लक्षणं दिसली की कुत्रा असो वा माणूस, जवळपास कोणी वाचत नाही. माणसांना होणारा ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कुत्र्याला दिलेली लस ही घरातल्या मुलांनाही दिलेली आहे असं समजा. आणि कुठलाही कुत्रा, अगदी लस दिलेला घरचासुद्धा, चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

दुसरी लेप्टो. कोपरखैरण्याच्या दादांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. या लसीचा असर साधारण वर्षभरच टिकतो, तीन वर्षांचा हिशोब हिला लागू नाही. बराच काळ गेला असेल तर एका डोसने भागत नाही, २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन द्यावे लागतात. खारीचा उशीर फार नाही, तेव्हा एक की दोन ते डॉक्टर कार्ड बघून ठरवतील. दरवर्षी एप्रिल-मेमध्येच उरकली तर पावसाच्या आधी अंगात ताकद तयार होते. यंदा उशीर होणारच, म्हणून ती बरी होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, वर आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा.

तिसरी पार्व्हो-डिस्टेंपरची. तिला तीन वर्षांचं अंतर चालतं. पण अडचण अशी की आपल्याकडे ती आणि लेप्टो एकाच बाटलीत, नाइन इन वन किंवा सेव्हन इन वन म्हणून येतात. लेप्टो वेगळी मिळते का ते विचारा, सगळ्या दवाखान्यांत असतेच असं नाही. नसेल तर एकत्र दिल्याने खारीला तोटा नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र ही लस म्हणजे जीव आहे. आईच्या दुधातून मिळालेली ताकद लसीला आत काम करू देत नाही, आणि ती कोणत्या पिल्लात कधी संपेल सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. दोन डोस झाले, आता बस, म्हणणाऱ्यांची पिल्लं मी रक्ताची हगवण लागून आलेली बघितली आहेत. त्यांचा तो वास दवाखान्यात शिरल्यावर काउंटरपर्यंत यायचा. आम्ही ती जागा ब्लीचने धुवायचो, कारण फिनाईलने पार्व्हो मरत नाही, आणि घरात तो महिनोन् महिने टिकून राहतो.

घरी येणाऱ्या इंजेक्शनवाल्यांबद्दल. नोंदणी असलेले पशुवैद्यक घरी येतात, त्यांना जरूर बोलवा, भित्र्या जनावराला बरंच पडतं. पण पिशवीतून बाटली काढून टोचणारा नको. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, गोठलेलीही चालत नाही. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठाण्याहून घोडबंदरला आलेली लस टोचून काय उपयोग? बर्फाच्या डब्यातून काढलीय का बघा. नाइन इन वनच्या बाटलीतली कोरडी गोळी आणि द्रव तुमच्या समोर एकत्र करून लगेच टोचली पाहिजे, आणि बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर आणि मुदतीसकट, कार्डावर चिकटवून खाली सही झाली पाहिजे. एका दुकानातून घेतलेलं पिल्लू आमच्याकडे आलं होतं. कार्डावर तारखा सुवाच्य अक्षरात, स्टिकर एकही नाही. चौथ्या दिवशी ते पार्व्होने गेलं. त्या घरातला मुलगा कार्ड हातात घेऊन डॉक्टरांना विचारत होता, "पण यात लिहिलंय ना, दिली म्हणून?" तेव्हापासून कोणाचंही कार्ड मी आधी स्टिकरसाठी उघडते.

शिवाय लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. क्वचित एखाद्याचं तोंड सुजतं, अंगावर गाठी उठतात, उलट्या होतात. दवाखान्यात त्यावरचं इंजेक्शन हाताशी असतं.

आता तपासणीत असतं काय, ते सांगते, कारण "नुसतं तपासायला" असं तुम्ही लिहिलं होतं. चांगला डॉक्टर आधी जनावर चालत आत येताना बघतो. मग वजन. पंधरा किलोच्या कुत्रीचं एक किलो उतरलं तर घरी कळत नाही, काट्याला कळतं. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची, दाबलेली जागा पांढरी होते, ती दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. दातांवरचा पिवळा थर, तोंडाचा वास. कान उलटा करून आत बघणं आणि हुंगणं, यीस्ट झालं असेल तर आंबूस वास येतो. मग छाती ऐकता ऐकता दुसरा हात मांडीच्या आत नाडीवर, दोन्ही ठोके जुळतात का. मग डोळे मिटल्यासारखे करून दोन्ही हातांनी पोट चाचपायचं, आमचे डॉक्टर यावेळी कोणालाही बोलू देत नसत. मादीच्या सगळ्या स्तनांवरून बोट फिरवायचं, मुगाएवढी गाठसुद्धा तिथे सापडते. शेवटी शेपटीखाली. हे सगळं दहा मिनिटांचं काम, पण ज्याच्या हाताला हजार पोटं माहीत आहेत त्यानेच करायचं. सात वर्षांनंतर वर्षातून दोनदा न्यावं आणि रक्त-लघवीही तपासावी, कारण किडनीचा बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत साध्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढत नाही. दरवर्षीचा रिपोर्ट जपला असेल तर आकडा हळूहळू चढतोय हे आधीच दिसतं.

येऊरचं राहिलं. तिथून आलात की बोटांच्या बेचक्या, कानाच्या घड्या, गळपट्ट्याखाली गोचीड बघा. गोचिडाच्या तापाला आपल्याकडे लस नाही, "सगळ्या लसी झाल्यात" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत अंडी घालते, तिला अठरावा मजला चालतो. त्यावरची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या आणि पावसाळाभर खंड पडू देऊ नका. जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ओसरीवरची कुत्री किती वर्षं जगायची, हे त्यांनाच विचारा, त्यांना आठवत असेल.

खारघरकर

काकू, माझ्या उत्तराने उशीर होऊ शकला असता, हे मनाला लागलं. पाण्याचा मुद्दा मी वाचलाच नव्हता. ब्रुनोचं वाचून आमच्या डॉक्टरांना लेप्टोसाठी फोन केला, सोमवारची वेळ घेतली आहे. खारीला लवकर बरं वाटो.

नौपाड्याची_माऊ

धाग्यात मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे दोन मांजरं आहेत, तीन वर्षांची, जन्मात घराबाहेर गेलेली नाहीत. खिडक्यांना जाळी आहे. त्यांना एकही लस दिलेली नाही. पिंजऱ्यात घालायला गेलं की ओरबाडतात. द्यायलाच हवी का?

नेरुळची_काकू

हवी. मांजराच्या पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पार्व्होच्याच घराण्यातला, तो तुमच्या चपलेला लागून घरात येतो. ट्रायकॅटचे (मांजरांची तीन आजारांवरची एकत्र लस) दोन डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीज. जाळी आहे ते छान, पण जाळी एक दिवस उघडी राहते आणि मांजर जिन्यात जातं.

मांजर दुखणं लपवतं, म्हणून त्याला तपासणीची गरज कुत्र्यापेक्षा कमी नाही. वर चढायचं सोडलं, मातीत लघवीचे गोळे मोठे झाले, अंग चाटून साफ करणं कमी झालं, तर तारखेची वाट न बघता न्या. आणि घरातली तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांचं गोचिडाचं औषधही मांजराला लावायचं नाही, काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे.

पिंजऱ्याचं असं करा. आठ-दहा दिवस आधीपासून तो हॉलमध्ये उघडा ठेवा, आत त्यांची रोजची चादर, जेवण तिथेच. वरून उघडणारा पिंजरा घेतला तर डॉक्टर मांजर बाहेर न काढताच बरंचसं तपासू शकतात. जाताना वर टॉवेल टाका. दोघांना एका पिंजऱ्यात कोंबू नका. दवाखान्यात फोन करून सकाळची पहिली वेळ मागा, तेव्हा कुत्री कमी असतात, आणि पिंजरा जमिनीवर न ठेवता मांडीवर घ्या.